कस्तुराबाईच्या वतीनं

दगडोबाला त्या दिवशी नवऱ्याचं सोंग करायचं होतं. खरी बायको जाऊन सहा महिने झाले होते, आणि सोंगातली बायको होती तारामती, त्याच्या देवीच्या गाण्यांच्या मेळ्यात झील धरणारी, म्हणजे मागून साथीला गाणारी बाई.

नळदुर्गला हमरस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयात चाळीसेक माणसं जमली होती. कुणी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, कुणी नर्स, कुणी खेड्यातल्या उपकेंद्रावर बसणारे आरोग्य अधिकारी. त्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय एकच: गाणारा, वाजवणारा, नाचणारा माणूस आजारी पडून आला, तर त्याला कसं तपासायचं. शिकवणाऱ्या डॉक्टर हर्षाली सोलापूरच्या होत्या. घशाच्या डॉक्टर. माहेर लोहाऱ्याचं, त्यामुळं या भागातलं बोलणं त्यांना नीट कळायचं.

"शेतकऱ्याची पाठ दुखली तर तो म्हणतो, पाठ दुखते," त्या सांगत होत्या. "कलावंत म्हणतो, उद्या कार्यक्रम आहे. तो दुखणं सांगत नाही, तारीख सांगतो. आणि आपण त्या तारखेवर उपचार करतो. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा दात दुखतो म्हणून आला, आपण पुढचा दात काढून मोकळे. त्याचं वाजवणं गेलं हे आपल्याला कळतसुद्धा नाही."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या दगडोबाला हे पटलं. तीस वर्षं संबळ वाजवून त्याचा डावा कान निम्मा गेला होता. आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तू वाजवतोस काय?

शिकवण्याची रीत त्याला मजेची वाटली होती. समोर एक टेबल आणि तीन खुर्च्या. एका खुर्चीवर शिकणारा डॉक्टर बसणार, उरलेल्या दोन खुर्च्यांवर खोटा पेशंट आणि त्याचं माणूस. बाकीच्यांनी बघायचं आणि मग चुका काढायच्या. सोंग कलावंतांनीच करावं असं डॉक्टर हर्षालींना वाटत होतं, म्हणून त्या माकणीला दगडोबाच्या घरी आल्या होत्या. त्याची बायको घशाच्या कॅन्सरनं गेली एवढं त्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला त्रास होणार असेल तर मी दुसरं कुणी बघते," त्या म्हणाल्या होत्या.

"सोंगच करायचंय न्हवं?" दगडोबा म्हणाला होता. "जन्म त्यातच गेलाय, बाईसाहेब."

पण तो सोंगासाठी हो म्हणाला नव्हता. त्याला घशाच्या डॉक्टरला एक गोष्ट विचारायची होती. सोलापूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर फक्त "उशीर झाला" एवढं म्हणून दुसऱ्या खाटेकडं गेला होता. उशीर कधीपासून झाला, किती झाला, काही नाही. दगडोबाच्या हिशेबानं उशीर झालाच नव्हता. भादव्यात कस्तुराबाईचा आवाज बसला. तीन आठवड्यांत त्यानं तिला डॉक्टरला दाखवलं. नवरात्र झालं, आवाज पुन्हा बसला, कार्तिकात तो तिला सोलापूरला घेऊन गेला. माघात ती गेली. यात आपण कुठं थांबलो? हेच त्याला एखाद्या जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. दोन महिने आधी आला असता तरी काही फरक पडला नसता, दगडोबा, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणजे मग तो झोपू शकला असता.

दुपारच्या जेवणाला विचारू, असं त्यानं ठरवलं होतं.

सोंगाचा कागद त्याच्या सांगण्यावरूनच तयार झाला होता. पेशंट शिवकांता, वय पंचेचाळीस, आराधी मेळ्यात देवीची गाणी गाते. आवाज बसून तीन आठवडे झाले. उद्या घटस्थापना, नऊ दिवस कार्यक्रम. बाई आज बोलत नाही, नवरा बोलतो.

ते बोलणं-न बोलणं डॉक्टर हर्षालींना त्यानंच समजावून सांगितलं होतं. त्यांच्या मेळ्याची रीत होती. कार्यक्रमाच्या आदल्या सकाळपासून मुख्य गाणारीनं मौन धरायचं. तोंड उघडायचं ते देवीसमोर, पहिल्या गाण्यालाच. कस्तुराबाईच्या गुरूनं घालून दिलेली रीत, आणि तिनं ती सत्तावीस वर्षं पाळली. मौनात तिच्या वतीनं सगळं दगडोबा बोलायचा. एसटीत जागा मागायचा, चहात साखर कमी सांगायचा, पाया पडायला आलेल्या बायकांना आशीर्वादसुद्धा तोच द्यायचा. एकदा तुळजापुरात त्यानं तिच्या वतीनं हिरव्या बांगड्या भरायला सांगितल्या. तिला निळ्या हव्या होत्या. ती कासारणीच्या पुढ्यात बसून नुसती हसत होती, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोलली नाही. हिरव्याच घालून आली. दगडोबा हा किस्सा सगळ्यांना सांगायचा. आणि शेवटी म्हणायचा, बांगड्यांचं सोडा, बाकी तिच्या मनातलं मला तिच्या आधी कळतं.

पहिली पाळी साद नावाच्या डॉक्टरची होती. पोरगेला, नवी नोकरी, गळ्यातल्या नळीशी सारखा चाळा.

"काय त्रास आहे बाईंना?" त्यानं विचारलं.

"त्रास म्हंजे सायेब, आवाज बसलाय," दगडोबा सुरू झाला. "तीन आठवडे झाले. उद्या घट बसणार अन् नऊ दिवसाच्या नऊ जागा ठरल्यात. आवाज सुटायचं एक इंजेक्शन मारा अन् आमाला मोकळं करा."

"ताप वगैरे?"

"तिला कधीच येत न्हाय. तिच्यापायी मला येतो."

सगळे हसले. सादही हसला.

"जेवण जातंय का?"

"जातंय की. माझ्या वाटचं बी जातंय."

पुन्हा हशा. तारामती पदर कानावर ओढून गप्प बसली होती. ती मेळ्यात कस्तुराबाईच्या मागं पंधरा वर्षं उभी राहिली होती, गप्प कसं बसायचं हे तिला शिकवायला नको होतं. सादनं बॅटरी लावून तिचा घसा पाहिला, थोडा लाल आहे म्हणाला, कागदावर इंजेक्शन आणि गोळ्या लिहिल्या आणि कागद दगडोबाच्या हातात दिला.

डॉक्टर हर्षाली उठल्या. "डॉक्टर साद, बाईंचा आवाज कसा वाटला?"

"बसलेला आहे, मॅडम."

"तुम्ही ऐकलात?"

सादनं दगडोबाच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं.

"मग तपासलं कुणाला?"

आता हशा सादवर होता. तो बिचारा लाल होऊन म्हणाला, "मॅडम, हे काका मला बोलूच देत नव्हते."

"आमचा इलाज न्हाय, सायेब," दगडोबा म्हणाला, "आमचं सोंगच तसलं हाय." आणि तोही हसला. पण हसता हसता त्याच्या मनात आलं, भादव्यात कस्तुराबाईला तपासणाऱ्या डॉक्टरनंही असंच केलं होतं. असंच, अगदी असंच. बॅटरी, लाल घसा, इंजेक्शन. त्यानं तो विचार बाजूला सारला. तो डॉक्टर काही वाईट नव्हता. उलट इंजेक्शन मारल्यावर कस्तुराबाईचा आवाज असा काही सुटला होता, की नवरात्रात लोक म्हणाले, औंदा देवीच गायली.

"गाणाऱ्याचा आवाज बसून तीन आठवडे झाले असतील, तर इंजेक्शन देऊन आवाज उघडायचा नाही," डॉक्टर हर्षाली सांगत होत्या. "आधी दुर्बिणीनं आवाजाची जागा बघायला पाठवायचं. इंजेक्शननं सूज उतरते, आवाज येतो, आणि आत जे काही आहे ते झाकलं जातं. बाई खूश, नवरा खूश, आपण खूश."

दगडोबानं बोटांवर हिशेब मांडला. तीन आठवडे. म्हणजे भादव्यातच पाठवायला हवं होतं? पण भादव्यात आणि कार्तिकात दीडच महिन्याचं अंतर. दीड महिन्यात काय होतंय? त्यानं पाणी प्यायलं.

दुसरी पाळी आरजूची होती. ही उपकेंद्रावरची आरोग्य अधिकारी, बारीक चणीची मुलगी, डोक्यावर ओढणी. ती येऊन बसली आणि बसल्या बसल्या तिनं आपली खुर्ची उचलून तारामतीच्या समोर घेतली. दगडोबा एका अंगाला पडला.

"मावशी, काय होतंय?" तिनं तारामतीला विचारलं.

"ताई, तिचा आज बोलायचा दिवस न्हाय," दगडोबानं ठरल्याप्रमाणं सांगितलं. "मला इचारा. आवाज बसलाय, तीन आठवडे—"

"बोलू नका म्हणावं. मान हलवता येते ना?"

"अवो, म्या सांगतो की सगळं."

"काका, यांचा घसा तुम्हाला दुखतो का?"

लोक खदखदून हसले.  आरजूनं हात पुढं करून तारामतीचा हात धरला.

"मावशी, तुम्ही बोलू नका. मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही करा. आवाज बसलाय?"

तारामतीनं मान हलवली. हो.

"किती दिवस झाले?"

तारामतीनं तीन बोटं दाखवली. बरोबर, दगडोबाला वाटलं, कागदात तसंच आहे.

"तीन दिवस?"

नाही.

"तीन आठवडे?"

तारामतीनं एकदा दगडोबाकडं पाहिलं. मग तिनं आरजूकडं तोंड केलं आणि मान हलवली. नाही.

"तीन महिने?"

हो.

'चुकली,' दगडोबाला वाटलं. तो हळूच म्हणाला, "आगं, आठवडे. आठवडे लिवलंय." तारामतीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"गिळताना दुखतं?"

हो.

"आणखी कुठं दुखतं?"

तारामतीनं उजव्या कानावर हात ठेवला. तळवा पूर्ण कानावर, बोटं डोक्यामागं. दगडोबानं ते ओळखलं. हे तारामतीचं नव्हतं. कान असा कस्तुराबाई धरायची. त्या दिवशी डॉक्टरच्या खोलीत तिनं असाच कान धरला होता, डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलंही होतं, आणि दगडोबा म्हणाला होता, वारं लागू देत न्हाय ती, गाणाऱ्या बाईला कान जपावा लागतो.

आणि त्याआधी तिनं टेबलावर तीन बोटं ठेवली होती. डॉक्टरनं विचारलं होतं, किती दिवस झाले? तिनं बोटं ठेवली, आणि तो म्हणाला होता, तीन आठवडे. त्याला तरी तीन आठवडे कुठून ठाऊक होते? तिच्या बोटांवरूनच. बोटांपुढचा शब्द त्यानं आपल्या मनचा लावला होता.

"थुंकीतून कधी रक्त येतं?" आरजूनं आवाज खाली आणून विचारलं.

तारामतीनं लगेच मान हलवली नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग तिनं मान हलवली. हो.

कार्यालयात आता कुणी हसत नव्हतं.

"घरी कुणाला ठाऊक आहे का?"

हो.

"यांना?" आरजूनं दगडोबाकडं बोट केलं.

नाही. तारामतीच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाईनं काम काय केलंय, असं कुणीतरी म्हणालं. डॉक्टर हर्षाली मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या हातातला कागद वाचत होत्या, आणि त्या कागदात रक्त नव्हतं, कान नव्हता, तीन महिने नव्हते.

"दहा मिनिटं थांबू," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन या सगळे."

दगडोबा खुर्चीतच बसून होता.  तारामती उठून मागच्या दारानं बाहेर गेली तेव्हा तो तिच्या मागं गेला. मागं जेवणाची मोठी पातेली धुवायची जागा होती. ती तिथं कट्ट्यावर बसली होती.

"तारा," तो म्हणाला, "हे काय हुतं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुला इचारतोय म्या. हे कागदात हुतं का?"

"न्हाय, दाजी."

"मग कुठनं आणलंस? लोकांनी टाळ्या वाजवाव्या म्हणून केलंस?"

"लाज वाटू द्या जरा," तारामती म्हणाली. तिचा आवाज चढला. "टाळ्यांसाठी करंन व्हय म्या? आक्काचं?"

कस्तुराबाईला ती आक्का म्हणायची. सख्खी नव्हे, पण सख्खीच्या वर.

"तुला म्हायती हुतं?"

"आखाडापासनं म्हायती हुतं. जेवळीच्या कार्यक्रमाला तिला ठसका लागला अन् पदराला रक्त लागलं. म्याच पदर धुतला. म्हनलं आक्का, दाजीला सांगू. तर तिनं मला परडीवर हात ठिवायला लावला. देवीची आन घातली. ह्यातला एक शब्द तोंडातनं काढायचा न्हाय, ती जित्ती असताना न्हाय अन् मेल्यावर बी न्हाय." तारामतीनं डोळे पुसले. "काढला न्हाय म्या. आज बी काढला न्हाय. तिथं सगळ्यांनी बघितलंय, म्या तोंड उघडलं न्हाय. मान शिवकांताची हलली."

"अन् आता बोलायलीस ते?"

"आता तुमाला कळल्यावर काय ऱ्हायलं? आता माझं अन् देवीचं काय व्हायचं ते हुईल."

दगडोबा पातेल्यांच्या ढिगाकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "का?"

"का म्हंजे?"

"मला का सांगितलं न्हाय? म्या काय मारणार हुतो तिला?"

"तुमी मेळा मोडला असता."

"मोडला असता की! त्याच दिवशी मोडला असता. चुलीत घातला असता मेळा."

"तेच नको हुतं तिला. आक्का म्हणायची, ह्यांना कळलं की हे मला घरात बसवतील अन् उशाला बसून रडतील. औंदाचं नवरात्र गाऊ दे, मग सांगते."  मग खाली बघत म्हणाली, "पर एक सांगते, दाजी. रागावू नका. त्या दिवशी डॉक्टरकडं जाताना तिच्या मनात सांगायचं हुतं. तुमाला न्हवं, डॉक्टरला. मला सकाळी खुणेनं म्हनली, आज दाखवते. डॉक्टर बघंल अन् त्याचा तो काय ते ठरवंल. घरी आल्यावर म्या खुणेनं इचारलं, काय झालं? तर तिनं हात झटकला. अन् तुमच्याकडं बोट केलं अन् हसली."

"हसली?"

"व्हय. बांगड्यांच्या वक्ताला हसली हुती का न्हाय, तसंच."

दगडोबा तिथंच खाली बसला. ओल्या फरशीवर, धोतरासकट. तारामती त्याला उठवायला आली तर त्यानं हातानं तिला लांब केलं. रडू येत नव्हतं.  सहा महिने तो ज्या हिशेबाला धरून होता, भादवा, तीन आठवडे, कार्तिक, तो त्यानंच, स्वतःच्या तोंडानं डॉक्टरला सांगितलेला हिशेब होता. दुसऱ्या कुणी तो सांगितलाच नव्हता. तीन आठवडे हा शब्द जगात फक्त त्याच्या तोंडातून निघाला होता, आणि मग त्याच शब्दाला तो रात्रंदिवस टेकून बसला होता.

डॉक्टर हर्षाली कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही. त्यांनी तारामतीला खुर्ची आणायला सांगितलं नाही की त्याला उठा म्हटलं नाही. साडी सावरून त्या कट्ट्यावर बसल्या.

"ते कागदात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

"घरात घडलेलं होतं."

"व्हय."

"मला आधी नीट विचारायला हवं होतं. तुम्ही सोंग म्हणालात आणि मी सोंगावर सोडलं. माझी चूक झाली, दगडोबा. आता तुम्ही घरी गेलात तरी चालेल. मी गाडी बघते."

"बाईसाहेब," दगडोबा म्हणाला, "म्या तुमाला एक इचाराया आलो हुतो."

"विचारा."

त्याला वाटलं, आता न विचारलेलंच बरं. उत्तर तर आत चाळीस माणसांसमोर मिळालं होतं. पण सहा महिने गिळत आलेला प्रश्न आता आत राहीना.

"आखाडात आणली असती तर?"

डॉक्टर हर्षालींनी त्याच्याकडं पाहिलं. 

"मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "ते न बघता वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही. पण आखाडात आल्या असत्या तर वाचण्याची शक्यता होती. चांगली होती. आवाज कदाचित राहिला नसता."

"आवाज ऱ्हायला नसता?"

"पहिल्यासारखा नाही. आजार किती पसरलाय त्यावर असतं. काहींचा पूर्ण जातो."

म्हणजे कस्तुराबाईला हे कळलं होतं. कुणी न सांगता कळलं होतं. दगडोबाला पहिल्यांदाच तिचा राग आला. सहा महिन्यांत आला नव्हता, इतका आला. मुकी चालली असती मला. जन्मभर मौन धरलं असतंस तरी चाललं असतं. म्या बोललो असतो की तुझ्या वतीनं. असं मनात आलं आणि तो दचकला. त्यानं तोंडावर हात ठेवला.

"गाडी नको," तो म्हणाला. "अजून एक पाळी ऱ्हायलीय न्हवं?"

"दुसरं कुणीतरी बसेल. साद बसेल तुमच्या जागी."

"त्याला न्हाय जमायचं," दगडोबा उठत म्हणाला. "तो लई ऐकून घेतो."

"दाजी, नका बसू," तारामती म्हणाली. "म्या पाया पडते."

"तू बसणार हायस का न्हाय तेवढं सांग."

ती बसली.

तिसरी पाळी परंड्याकडच्या मुजफ्फर नावाच्या डॉक्टरची होती. उंच, अनुभवी, बोलायला गोड. आधीच्या दोघांचं बघून तो तयारीनं आला होता. त्यानं आपली खुर्ची मध्ये ठेवली, दोघांना दिसेल अशी. तारामतीला नमस्कार केला.

"मावशी, आवाज बसलाय म्हणे?"

"तीन आठवडे झाले," दगडोबा म्हणाला.

मुजफ्फरनं त्याच्याकडं मान वळवली. "बरं. आणि दुखतंय कुठं?"

"कुठंबी न्हाय."

"मावशी, गिळायला त्रास?"

"न्हाय न्हाय. भाकरी खाती की चांगली."

उत्तर दिलं की दगडोबा क्षणभर थांबायचा. प्रत्येक उत्तरानंतर. मघाच्या मुलीनं केलं तसं हा करेल, म्हणेल, काका, गप्प बसा, असं त्याला वाटायचं. मुजफ्फर म्हणत नव्हता. तो भला माणूस होता, वडीलधाऱ्याला तोडून बोलणं त्याला जमत नव्हतं. तो प्रश्न तारामतीला विचारायचा आणि उत्तर दगडोबाकडून घ्यायचा. तारामतीनं कानावर हात नेला.

"कानाला काही?" मुजफ्फरनं विचारलं.

दगडोबाच्या तोंडात उत्तर तयार होतं. वारं लागू देत न्हाय ती. कागदात नसलेलं, त्याचं स्वतःचं उत्तर. ते बाहेर आलंसुद्धा. "वारं लागू देत न्हाय ती, सायेब. गाणाऱ्या बाईला कान जपावा लागतो." स्वतःचा आवाज त्यानं स्वतःच ऐकला. किती सहज होता. किती गोड होता. त्या आवाजावर कुणीही विश्वास ठेवला असता.

"हो, तेही खरंच," मुजफ्फर म्हणाला. "ठीक आहे. तरी तीन आठवडे झालेत, मी सोलापूरला दुर्बीण करायला चिठ्ठी देतो. नवरात्र झालं की घेऊन जा."

त्यानं चिठ्ठी लिहिली आणि दगडोबापुढं धरली. इथं सोंग संपत होतं. चिठ्ठी घ्यायची, राम राम म्हणायचं, उठायचं. दगडोबानं चिठ्ठी घेतली नाही.

"इचारा की तिला," तो म्हणाला.

मुजफ्फरला कळेना. "काय?"

"तिला इचारा. माझं धरू नका. म्या कायबी सांगतोय. मला काय म्हायती तिला काय हुतंय ते? म्या सत्तावीस वर्सं कायबी सांगत आलोय."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मुजफ्फरनं डॉक्टर हर्षालींकडं बघितलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. तारामती मान खाली घालून बसली होती.

"मावशी—" मुजफ्फर सुरू करणार तेवढ्यात दगडोबानं हात वर केला.

"असं न्हाय. म्या हितं बसल्यावर ती न्हाय सांगायची. मला आधी भाईर काढा."

"काका, मी कसं तुम्हाला—"

"काढा, सायेब. नवऱ्याला भाईर काढायला शिका. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या."

मुजफ्फर उभा राहिला.  "काका," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला मावशींशी बोलायचंय."

"थांबतो," दगडोबा म्हणाला.

तो उठला आणि खुर्च्यांच्या मधून दाराकडं निघाला. शिकायला आलेली माणसं पाय आवरून त्याला वाट देत होती. दाराशी आरजू बसली होती, तिनं उठून दार उघडलं. तो बाहेर आला, आणि दार त्यानं स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.

बाहेर ऊन होतं. हैदराबादकडं जाणारे ट्रक एकामागं एक चालले होते. तो पायरीवर उभा राहिला. डावा कान दाराकडं होता, त्यातून काही ऐकू यायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मान वळवून उजवा कान दाराकडं केला नाही. आत तारामती काय सांगत होती, किती सांगत होती, त्याला कळत नव्हतं. बोलावतील तेव्हा जायचं, तोवर इथंच, असं म्हणून तो उभाच राहिला.